चादरीची परतीची वाट

वृद्धाश्रम बघायला येणारी माणसं काय काय बघतात, ते मी कित्येक वर्षं जवळून पाहिलं आहे. खोल्या बघतात, स्वयंपाकघरात डोकावतात, डॉक्टर किती दिवसांनी येतात ते विचारतात, अंगणात बसायला बाक आहेत का ते पाहतात. देणगीदार आले की आपण त्यांना नवा वॉटर फिल्टर दाखवतो, भजनाची खोली दाखवतो. धुण्याची खोली दाखवा, असं मला आजवर फक्त एका बाईंनी म्हटलं. त्या आपल्या आईला ठेवायला आल्या होत्या. मागच्या बोळातून, गॅसच्या सिलिंडरांशेजारून त्यांना तिकडे नेताना मला संकोच वाटला. तो का वाटला, याचा विचार मी पुढे बरेच दिवस करत राहिले. धुलाईघराच्या आरोग्यावरच्या या पुस्तिकेला प्रस्तावना लिहायला मी लगेच होकार दिला, तो त्या संकोचामुळे.

पुस्तिका छोटी आहे. वृद्धाश्रमांत धुणं धुणाऱ्या तिघी मावशी, एक परिचारिका आणि एक डॉक्टर यांनी ती मिळून तयार केली आहे. डॉक्टरांनी जंतूंचं सांगितलं, मावशींनी कापडाचं सांगितलं. ज्या ठिकाणी दोघांचं पटलं नाही, तिथे दोन-दोन आठवडे प्रत्यक्ष करून पाहून मग लिहिलं गेलं. मी स्वतः 31 वर्षं परिचारिका होते, त्यातली शेवटची 14 वर्षं वृद्धाश्रमात. त्यामुळे यातल्या प्रत्येक पानामागे कुठली ओली चादर आहे, ते मला ओळखू येतं.

घरचं धुणं आणि आश्रमाचं धुणं यांत फक्त ढिगाच्या आकाराचा फरक आहे, असं पुष्कळांना वाटतं. चाळीस माणसांचा आश्रम घ्या. त्यातले दहा-बाराजण अंथरुणाला खिळलेले. खिळलेल्या माणसाची चादर, तिच्यावरची ड्रॉशीट, गाऊन, पंचा हे सगळं दिवसातून दोनदा बदलावं लागतं, पोट बिघडलं असेल तर चार-पाच वेळा. आमच्याकडे साध्या दिवशी दीडशेच्या घरात कपडे निघायचे. पण ढिगापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. घरात चार माणसांचे जंतू आधीच एकमेकांच्या ओळखीचे झालेले असतात. आश्रमात चाळीस घरांतली चाळीस माणसं असतात आणि त्यांचे कपडे एकाच टबात पडतात. वय झालेल्या माणसाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, कुणाला शय्याव्रण, कुणाला लघवीची नळी, कुणाला मधुमेह. तरण्या माणसाच्या अंगावर जो जंतू आला-गेला कळत नाही, तो इथे महिनाभर मुक्काम ठोकतो.

एका वर्षी श्रावणात आमच्याकडे खरूज शिरली. ती कशी शिरली ते सविस्तर सांगते, कारण या पुस्तिकेची गरज मला त्या वेळी पटली.

नव्या आलेल्या एका आजींच्या तळहातांवर आणि कोपरांवर जाड, राखाडी खपल्या होत्या. वय, उन्हातान्हातली कामं, कोरडी त्वचा, असं आम्ही समजलो. मीही तेच समजले. रोज खोबरेल चोळलं जायचं. खाज फारशी नव्हती, म्हणून कुणाला शंका आली नाही. खरजेचा एक प्रकार असा असतो की त्यात खपल्या धरतात, खाज कमी असते आणि त्या खपल्यांत किडे हजारोंनी असतात. म्हाताऱ्या आणि अशक्त माणसांत हा प्रकार दिसतो. साध्या खरजेत अंगावर किडे दहा-पंधराच्या आसपास असतात आणि ती पसरते ती मुख्यतः अंगाला अंग लागून. या प्रकारात मात्र गळून पडलेली खपलीसुद्धा पुरते. आजींची चादर रोज सकाळी मावशी खिडकीत उभ्या राहून दोन्ही हातांनी झटकायच्या, मग तिचा बोळा करून पोटाशी धरून खाली न्यायच्या. घरी आपण सगळे तसंच करतो.

पहिली खाज सुटली ती त्या मावशींनाच. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाच्या आतल्या बाजूला, रात्री जास्त. त्यांना वाटलं सोड्याने हात उलले. खरूज पहिल्यांदा झाली तर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात माणूस ती दुसऱ्याला देत असतो. आमच्या लक्षात आलं तेव्हा नऊजणांच्या अंगावर ती होती, त्यांत दोन मावशी.

मलम सगळ्यांना एकाच दिवशी लावलं. वापरातल्या चादरी, कपडे कढत पाण्यातून काढले. तरी तीन आठवड्यांनी ती परत आली. कपाटांतल्या शाली, स्वेटर, कानटोप्या तशाच राहिल्या होत्या. गरम पाण्यात लोकर आटते म्हणून कुणी त्यांना हात लावला नव्हता, आणि पावसाळी थंडी पडली की आजी-आजोबा त्याच काढून अंगावर घेत होते. पुढच्या खेपेला लोकरीची प्रत्येक वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधून ठेवली. खरजेचा किडा माणसाच्या अंगापासून दूर झाला की साधारण दोन-तीन दिवसांत मरतो, आम्ही पिशव्या आठवडाभर उघडल्या नाहीत. त्यानंतर ती गेली.

आमच्याकडे त्या वेळी धुलाई यंत्र चांगलं होतं, पावडर चांगली होती, पाणी मुबलक होतं. बिघाड झाला तो यंत्राच्या अलीकडे आणि पलीकडे. चादर झटकताना झाला, पोटाशी धरून नेताना झाला, ज्या टोपलीतून मळकी नेली तिच्यातूनच धुतलेली परत आणताना झाला. धुलाईघराच्या आरोग्याबद्दल मला जे काही म्हणायचं आहे ते एवढंच आहे: पलंगावरून निघून परत पलंगावर येईपर्यंत चादरीची जी वाट असते, ती सगळी वाट सांभाळावी लागते. यंत्र हा त्या वाटेवरचा एक थांबा आहे.

ही वाट एकाच दिशेने जाणारी हवी. मळका कपडा एका दाराने आत यावा, स्वच्छ कपडा दुसऱ्या दाराने बाहेर जावा, आणि मध्ये कुठेही दोघांची गाठ पडू नये. दोन दारं नसतील तर भिंतीवर आणि जमिनीवर रंगाचा पट्टा ओढावा. तेही नसेल तर निदान वेळा वेगळ्या कराव्यात: सकाळी मळकं आत, मग ओटा, जमीन, नळ पुसून हात धुऊन दुपारी स्वच्छ बाहेर. टोपल्या तर दोन रंगांच्या हव्यातच. लाल टोपलीत धुतलेला कपडा आणि निळ्या टोपलीत मळका कपडा कधीही पडणार नाही, एवढा एक नियम पाळला तरी निम्मं काम झालं, असं माझं मत आहे. नवं यंत्र घेऊ का, असं विचारणाऱ्या संस्थाचालकांना मी आधी टोपल्या मोजायला सांगते.

ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगायला अवघड जाऊ नये. माझ्या आजीचं सोवळं मला आठवतं. पहाटे लुगडं धुवायची, पिळायची आणि उंच वलणीवर वेळूच्या काठीने वाळत घालायची. ते काढायचंही काठीनेच. आम्ही पोरं खाली खेळत असलो की माजघरातून हाक यायची, ‘शिवू नका रे!’ त्या सोवळ्याने माणसांना उंबऱ्याबाहेर ठेवलं, ते मला कधीच मान्य झालं नाही. पण धुतल्या क्षणापासून अंगावर चढेपर्यंत कापडाला कुणाचा मळका हात लागू द्यायचा नाही, ही त्यातली कापडापुरती शिस्त मात्र बरोबर होती. चूक होती ती शिवण्याचा दोष माणसाच्या जन्मात शोधण्यात. हात ज्याचा असेल त्याचा असो, तो साबणाने धुतलेला आहे का, एवढंच कापडाला कळतं.

ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचं मळकं धुतलं, त्यांनाच आपण ओवळं ठरवलं. बाळंतिणीचे कपडे, मयताच्या घरचे कपडे, आजारी माणसाची अंथरुणं परटाकडे जायची. गाडगेबाबांचा जन्म 1876 साली परटाच्या घरात झाला. त्यांच्या हातातला खराटा सगळ्या महाराष्ट्राला आठवतो, घर मात्र फारसं आठवत नाही. आणि परटाची भट्टी ही किती शहाणपणाची गोष्ट होती! सोड्याच्या पाण्यात बुडवलेले कपडे उकळत्या हंड्यावर रचायचे आणि रात्रभर वाफेवर ठेवायचे. जंतू हा शब्द ऐकायच्या कितीतरी आधीपासून ही माणसं कापडाला वाफ देत होती.

तिकडे युरोपातही हा धडा उशिराच कळला. 1854 च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्स नाइटिंगेल इस्तंबूलजवळच्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या, तेव्हा जखमी शिपायांचे कपडे धुण्याची धड सोय नव्हती. त्यांनी एक घर भाड्याने घेतलं, तिथे पाणी तापवायचे बॉयलर बसवून घेतले आणि शिपायांच्या बायकांना धुण्याच्या कामावर लावलं. दिवा घेऊन फिरणारी बाई आम्हाला नर्सिंगच्या पहिल्या वर्षी चित्रात भेटली होती. धुलाईघर काढणारी बाई मला फार पुढे वाचनात भेटली.

धुतलेल्या कापडाला जपण्याचा मुद्दा कुणाला बारीकसारीक वाटत असेल तर एक घटना सांगते. 2008-09 मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात एका बालरुग्णालयात पाच मुलांना कातडीचा म्युकरमायकोसिस झाला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आपण सगळ्यांनी धसका घेतला होता, तोच हा बुरशीचा आजार. ती मुलं आधीच गंभीर आजारी होती, आणि पाचही वाचली नाहीत. मागाहून झालेल्या तपासात संसर्गाचा धागा रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या चादरी-टॉवेलांशी जाऊन मिळाला. ते कापड धुऊन आलेलं होतं. हे वाचलं त्या दिवशी मी आमच्या कपाटांमागची भिंत हात लावून पाहिली. एका ठिकाणी ओल होती. कपाट दुसऱ्या दिवशी हलवलं.

आता वाटेच्या सुरुवातीकडे येते, कारण सगळ्यांत जास्त चुका तिथे होतात आणि सगळ्यांत कमी बोललं जातं तेही तिथलंच. चादर काढताना कडा आत दुमडत, मळका भाग मध्ये घेत, शांतपणे गुंडाळावी. झटकू नये. जमिनीवर टाकू नये. पलंगाशेजारी लाल टोपली असावी आणि कापड थेट तिच्यात जावं. शी लागली असेल तर ती तिथल्या संडासात आधी काढून टाकावी, न्हाणीघराच्या मोरीत जोरदार नळाखाली धुऊ नये, कारण जे उडतं ते तोंडावर, भिंतीवर आणि शेजारी टांगलेल्या टॉवेलवर बसतं. परदेशात अशा कपड्यांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या पिशव्या वापरतात, पिशवीसकट सगळं यंत्रात टाकायचं. आपल्याकडे त्या सहज मिळत नाहीत, मिळाल्या तर परवडत नाहीत. एका मावशींनी मांजरपाटाच्या, नाडीच्या पिशव्या शिवून त्यावर उत्तम तोडगा काढला. पिशवी नाडी सैल करून यंत्रात सोडायची, धुताना कपडे आपोआप बाहेर येतात, पिशवीही धुऊन निघते, आणि हात एकदाही मध्ये येत नाही. पुस्तिकेत तिचं माप दिलं आहे.

आणि खिसे. सदऱ्याचे, गाऊनचे, परकराला शिवलेले चोरखिसे. चादरीच्या घडीत कवळी सापडते, श्रवणयंत्र सापडतं, देवाचा टाक सापडतो, पैसे तर नेहमीच. कधी इन्शुलिनची सुई सापडते, आणि ती हाताला सापडते. म्हणून ढिगात हात खुपसून चाचपायचं नाही, कपडा टोकाने उचलून उजेडात उलगडायचा.

रात्रभर भिजत घालण्याबद्दल दोन शब्द. ही आपली आवडती सवय आहे. घाण कपडे बादलीत साबणाच्या पाण्यात टाकले की सुटलो, असं वाटतं. पण कोमट, मळक्या पाण्यात बारा तास म्हणजे जंतूंना वाढायला मिळालेली अख्खी रात्र. अर्धा तास पुरतो, आणि तोही आधी गार पाण्यात. रक्त, शी, दूध, उलटी यांत प्रथिनं असतात. एकदम कढत पाणी ओतलं तर ती अंड्याच्या बलकासारखी धाग्यात घट्ट बसतात आणि डाग कायमचा होतो. आधी गार पाण्याने खंगाळणं, मग साबण आणि कोमट पाणी, मग कढत. एन्झाइमची पावडर असेल तर तिचं काम साधारण 40 अंशांच्या आसपास चांगलं होतं, उकळतं पाणी तिला मारून टाकतं.

कढत म्हणजे किती, हा प्रश्न मावशी हमखास विचारतात. इंग्लंडमधल्या आरोग्यसेवेच्या नियमांत यंत्रातलं पाणी 65 अंशांवर किमान 10 मिनिटं किंवा 71 अंशांवर किमान 3 मिनिटं राहावं असं धरलं आहे, शिवाय उष्णता सगळ्या कपड्यांत पोचायला लागणारा वेळ वेगळा. आपल्या छोट्या आश्रमांत यंत्रं घरगुती असतात, कित्येकांत तापवायची सोयच नसते. तिथे बंबाचं किंवा सोलरचं पाणी ओततात आणि हात घालून ‘चांगलं कढत आहे’ म्हणतात. ज्या पाण्यात हात ठेवता येतो ते पाणी 65 अंशांच्या जवळपासही नसतं. थर्मामीटर आणा. पाणी तापवायची सोय यंत्रात नसेल तर मोठ्या पातेल्यात पाणी उकळून झाकणाच्या पिंपात ओता, पांढऱ्या सुती चादरी त्यात लाकडी दांड्याने बुडवून ठेवा, वर झाकण घाला, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा थर्मामीटर लावा. भट्टीचीच ही धाकटी बहीण.

नायट्याच्या बाबतीत तर हे तापमान फार महत्त्वाचं ठरतं. गेल्या काही वर्षांत औषधाला दाद न देणारा नायटा देशभर फोफावला आहे, आणि आश्रमात तो कमरेच्या नाडीपासून सुरू होऊन महिनोन्‌महिने हटत नाही. त्या बुरशीचे बीजाणू साध्या गार धुलाईत कपड्यावर टिकून राहतात, एवढंच नाही, तर शेजारच्या स्वच्छ कपड्यावरही जातात. 60 अंशांच्या धुलाईत ते मरतात. ज्यांना नायटा आहे त्यांची आतली वस्त्रं, मोजे, पंचे वेगळे आणि कढत, यात तडजोड नको. नुसतं मलम बदलत बसण्यात अर्थ नाही.

ब्लीचवर आपला फार विश्वास आहे, आणि तो अर्धा चुकीच्या जागी आहे. क्लोरीन मळावर खर्ची पडतो. घाण तशीच ठेवून वर ब्लीच ओतलं तर ते घाणीशीच झगडत संपतं, जंतूंपर्यंत पोचायला काही उरत नाही. म्हणून आधी स्वच्छ धुणं, मग शेवटच्या पाण्यात, ठरलेल्या मापाने, फक्त पांढऱ्या सुती कापडाला. लोकर आणि रेशीम त्यात विरघळल्यागत खराब होतं. ब्लीचिंग पावडरचं पोतं उघडं राहिलं, ऊन-उष्णता लागली, की तिचा दम जातो, वास मात्र येत राहतो आणि आपली फसगत होते. दोन गोष्टी लाल अक्षरांत छापायला मी आग्रह धरला. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. आणि लघवीने चिंब झालेल्या कापडावर थेट ब्लीच टाकलं तर तिच्यातल्या अमोनियाशी मिळूनही घातक धूर होतो. कोंदट खोलीत एकट्या काम करणाऱ्या बाईचा जीव यात जाऊ शकतो.

पोटाचा एक जंतू असा आहे, क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल, ज्याचे बीजाणू उष्णतेलाही सहजी बधत नाहीत. खूप प्रतिजैविकं घेतलेल्या म्हाताऱ्या माणसांना तो गाठतो. अशा माणसाचे कपडे शेवटी, वेगळे आणि भरपूर पाण्याने, एवढं इथे पुरे. बाकी आतल्या पानांत आहे.

एक गोष्ट आरोग्याशी थेट जोडलेली नसली तरी सांगावीशी वाटते. हळदीचा डाग साबण लागताच लालभडक होतो. दर महिन्याला एखादी नवी मुलगी घाबरून धावत येते, ‘ताई, रक्त!’ साबणाच्या खारामुळे हळद रंग बदलते, एवढंच. धुऊन झाल्यावर चादर कडक उन्हात टाकली की तो डाग दोन दिवसांत फिका पडतो. जखमेचा स्राव आणि हळद यांतला फरक धुणाऱ्या बाईला कळायला हवा, कारण कुठल्या आजोबांच्या चादरीवर खरंच रक्त दिसलं ते वर येऊन सांगणारी तीच पहिली असते. शय्याव्रण उघडल्याचं मला दोन वेळा धुलाईघरातून कळलं आहे.

बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, मग पावडर दुप्पट पडते आणि खंगाळणं मात्र तेवढंच राहतं. कापडात राहिलेला साबण पातळ कातडीला झोंबतो. आजी रात्रभर पाठ खाजवतात आणि आपण मलम शोधत राहतो. वाळलेली चादर ओली करून पिळून पाहा, पाणी गढूळ-बुळबुळीत आलं तर ती नीट निघालेली नाही.

वाळवण हा महाराष्ट्रात ऋतूप्रमाणे बदलणारा प्रश्न. उन्हाळ्यात काही बोलायलाच नको, ऊन हे आपलं फुकटचं वैभव आहे. पण कोकणात आषाढात चार-चार दिवस दोरीवरचं धुणं ओलंच असतं, आणि त्याला तो कुबट वास येतो. तो वास म्हणजे ओल्या धाग्यात जंतू वाढत असल्याची खूण आहे, मोराक्सेला नावाचा जंतू त्यात पुढे असतो. कुबट वासाचा कपडा ‘धुतलेला आहे’ म्हणून घडी करून ठेवू नये, तो परत धुवायचा. पावसाळ्यात खोली बंद करून पंखा लावण्यापेक्षा समोरासमोरच्या खिडक्या उघड्या आणि बाहेर हवा फेकणारा पंखा बरा. दोरीवर दोन कपड्यांत वीतभर अंतर हवं. थोडा दमट कपडा कडक इस्त्रीखाली पूर्ण वाळवणं हा उत्तम उपाय आहे, सुती कपड्यावरची गरम इस्त्री पुष्कळ काही मारते. ड्रायर असेल तर एक धोका कुणी सांगत नाही तो सांगते. मालिशचं तेल लागलेले पंचे नीट धुतले गेले नाहीत, मग ड्रायरमध्ये तापले आणि गरम गरमच एकावर एक रचले गेले, तर आतल्या आत तापत जाऊन पेट घेऊ शकतात. तीळतेल, करडईचं तेल, जवसाचं तेल यांत ही खोड आहे. तेलाचे पंचे वेगळे, जास्त साबण, आणि उन्हात.

आता कपडा कुणाचा, हा प्रश्न. याला आरोग्याच्या पुस्तिकेत जागा का, असं एका सज्जनांनी विचारलं. एकाचा पंचा दुसऱ्याच्या अंगाला लागतो तेव्हा नायटाही त्याच्याबरोबर जातो, हे एक उत्तर. दुसरं उत्तर असं की, आयुष्यभर स्वतःच्या पेटीतलं लुगडं नेसलेल्या बाईला ढिगातला कुठलाही गाऊन चढवणं हे तिला पुसून टाकणं आहे, आणि ते मी करणार नाही. म्हणून खुणा. पूर्वी धोबी बिब्ब्याने खूण करायचे. बिब्बा फोडून त्याचा काळा रस सुईने कापडावर लावला की ती खूण जन्मात जात नाही. इंग्रजांनी त्या फळाला ‘मार्किंग नट’ हेच नाव दिलं. पण बिब्बा उततो. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन शिपायांच्या मानेवर, कमरेवर नेमके धोब्याच्या खुणेच्या जागी फोड उठले, आणि डॉक्टरांना ते कोडं सोडवावं लागलं. तेव्हा बिब्बा नको. काजेपट्टीच्या आत लाल दोऱ्याने दोन अक्षरं आणि खोलीचा आकडा घालावा. आमच्याकडे हे काम दुपारी आज्याच करायच्या. ज्यांना मुलांची नावं आठवत नव्हती, त्यांची बोटं साखळी टाका विसरली नव्हती.

शेवटी धुणाऱ्या माणसाबद्दल. धुलाईघरात काम करणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बीची लस मिळालीच पाहिजे: पहिली मात्रा, महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. पातळ हातमोज्यांनी भागत नाही, कोपरापर्यंतचे जाड रबरी हवेत आणि ते त्या बाईच्या हाताच्या मापाचे हवेत. प्लास्टिकचा ॲप्रन, घट्ट पायताण, मळक्या बाजूला एक आणि स्वच्छ बाजूला एक असे दोन साबण-पाण्याचे नळ. हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात, तेवढा वेळ कामाच्या तासांत धरलेला हवा. आणि पगार. स्वयंपाकाच्या मावशींपेक्षा धुण्याच्या मावशींना कमी द्यायची रीत मी तीन ठिकाणी पाहिली. तिचं कारण मला कुणीही सांगू शकलं नाही.

खरजेच्या त्या वर्षातल्या मावशी या पुस्तिकेच्या तिघींपैकी एक आहेत. लिहिणं त्यांना फारसं जमत नाही, म्हणून त्यांनी तोंडी सांगितलं आणि दुसरीने उतरवून घेतलं. खिसे तपासण्याचं पान त्यांचं, मांजरपाटाच्या पिशवीचं मापही त्यांचंच. हस्तलिखित वाचायला मी गेले तेव्हा त्या दोरीवरून चादरी काढत होत्या. माझ्या हातात फाइल होती, येताना बसमधून आले होते. चादरीचं दुसरं टोक धरायला मी पुढे झाले, तशा त्या मागे सरकल्या आणि मानेने नळाकडे खूण केली. मी हात धुऊन आले. मग आम्ही दोघींनी मिळून घड्या घातल्या.